‘देवाचं आहे, हात लावू नको’ : जुनी झाडं आणि जाणत्यांचं शहाणपण

जुलै २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावाचं नाव अचानक राज्यभर झालं, ते एका वडामुळे. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात यल्लम्मा देवळाजवळचा हा प्रचंड वड वाटेत येत होता आणि तो तोडायचं ठरलं होतं. गावकरी आणि वृक्षप्रेमी त्याच्या बाजूने उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींकडे शब्द टाकला, रस्त्याची आखणी थोडी सरकली आणि वड वाचला. बातम्यांमध्ये त्याचं वय चारशे वर्षं असं छापून आलं. पुढे जून २०२२ मध्ये तोच वड उन्मळून पडला.

चारशे वर्षं हे कुणी मोजलं? एका झाडापायी महामार्ग सरकवायला लावण्याइतकी माया माणसांना का वाटते? आणि इतकी माया असूनही झाडं जातात, ती कशी? याची उत्तरं नुसत्या वनस्पतिशास्त्रात मिळत नाहीत आणि नुसत्या पोथीतही मिळत नाहीत. गावात ज्यांना ‘जाणते’ म्हणतात, त्यांच्यापर्यंत जावं लागतं.

वय मोजायचं कसं?

झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय तयार होतं आणि ती वलयं मोजली की वय कळतं, हे आपण शाळेत शिकलो. ते खरं आहे, पण सगळ्या झाडांना लागू नाही. वलय उमटायला वाढ मध्येच थांबावी लागते. थंड प्रदेशात हिवाळ्यात ती थांबते. आपल्याकडे सागासारखं झाड उन्हाळ्यात पानं गाळून निपचित पडतं, त्यामुळे त्याच्या खोडात वलयं नीट दिसतात. वड-पिंपळांचं तसं नाही. त्यांच्या लाकडात भरवशाची वार्षिक वलयं सापडत नाहीत. शिवाय जुन्या वडाचं मूळ खोड बहुतेक वेळा आतून पोकळ झालेलं असतं. ज्या भागात सगळ्यात जुनं लाकूड असायला हवं तोच भाग उरलेला नसतो.

मग घेर मोजून अंदाज काढतात. पण नदीकाठच्या गाळातला वड आणि मुरमाड माळावरचा वड एकाच वयाचे असले तरी त्यांच्या घेरात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. त्यामुळे गावच्या वडाचं वय ‘चारशे’ किंवा ‘पाचशे’ असं सांगितलं जातं तेव्हा त्याचा अर्थ साधारण एवढाच घ्यावा : आमच्या आजोबांच्या आजोबांनीही तो एवढाच पाहिला होता. मला यात काही वावगं वाटत नाही. तो आकडा मोजमापाचा नाहीच, तो स्मरणाचा आहे. गोंधळ होतो तो लोक त्याला मोजमाप समजून बसतात तेव्हा.

साग मात्र खरोखर बोलतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी केरळातल्या जुन्या सागांच्या वलयांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका लावली. ज्या वर्षी पाऊस नीट झाला त्या वर्षीचं वलय रुंद, ज्या वर्षी ओढ दिली त्या वर्षीचं अरुंद. अरुंद वलयांची बरीच वर्षं एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं अशा वर्षांशी जुळली. अशा अभ्यासासाठी झाड पाडावंच लागतं असं नाही. पोकळ गिरमिटाने खोडात भोक पाडून लाकडाची पेन्सिलीपेक्षाही बारीक अशी एक कांडी बाहेर काढतात आणि ती घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून वाचतात.

आता हीच गोष्ट सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या मराठवाड्यातल्या आजीला विचारा. १४८१ चं तिला काही ठाऊक नसेल, पण ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटलं की ती खडी फोडायची कामं, सुकडी, परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी हे सगळं सांगेल. शिवाय त्या उन्हाळ्यात कुठली विहीर आटली नाही, कुठल्या झाडाचा पाला गुरांना घातला, कुठल्या कंदमुळावर दिवस काढले तेही सांगेल. सागाच्या वलयातून पाऊस कमी झाला एवढंच कळतं. लोकांनी मग काय केलं हे झाडाला माहीत नसतं. झाडाचं स्मरण लांबचं पण मुकं, माणसाचं स्मरण जेमतेम तीन पिढ्यांचं पण तपशिलाचं. गावाला दोन्ही लागतात.

पोकळ खोड म्हणजे मरणासन्न झाड नव्हे

शहरात झाडाच्या खोडात ढोली दिसली की ‘सडलंय, धोकादायक आहे’ असा अर्ज जातो. काही वेळा धोका खराही असतो आणि झाडांची जाण असलेल्या माणसाकडून तपासणी व्हायलाच हवी. पण ढोली दिसली म्हणजे झाड संपलं, हे समीकरण चुकीचं आहे.

खोडाचा जिवंत भाग असतो तो सालीला लागून असलेला पातळ थर आणि त्याच्या आतलं थोडं लाकूड. अन्न-पाण्याची ने-आण तिथून चालते. मधला गाभा बहुतांशी निर्जीव असतो. बुरशी तो गाभा हळूहळू खाते आणि त्यातली पोषकद्रव्यं मोकळी होतात. बाहेरची भिंत जाड असेल तर पोकळ खोड वाऱ्यात बरंच काही सोसतं. आणि झाडाला माणसासारखं ठरलेलं आयुष्य नसतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीनमधल्या १५ ते ६६७ वर्षं वयाच्या गिंको झाडांची तुलना केली गेली. वाढ मंदावते हे दिसलं, पण म्हातारी झाडं आतून थकत चालल्याची, रोगांशी लढण्याची ताकद गमावल्याची खूण सापडली नाही. मोठी झाडं मरतात ती बहुधा वादळ, वीज, आग, कीड, दुष्काळ किंवा कुऱ्हाडीने.

ढोलीत संसारही असतात. कोकणात धनेश पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठेने आणि चिखलाने तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते आणि अंडी-पिल्लांसह आत बसून राहते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. असली ढोली पंधरा-वीस वर्षांच्या झाडात होत नाही. म्हणून एक जुना बेहडा तोडून त्या बदल्यात शंभर रोपं लावली, तरी धनेशाच्या हिशेबात पुढची कितीतरी दशकं भरपाई शून्यच असते.

‘तेच झाड’ म्हणजे कोणतं?

कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला महावट बहुतेकांनी चित्रात तरी पाहिलाय. एकोणिसाव्या शतकातल्या वादळांत त्याला मार बसला, जखमांतून बुरशी शिरली आणि १९२५ मध्ये त्याचं मूळ खोड काढून टाकावं लागलं. आज तिथे जे कित्येक एकरांवर पसरलंय ते सगळं पारंब्यांवर उभं आहे. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वड पाहायला गेलात तरी हेच : मूळ खोड कुठलं, असं विचारलं की चार जण चार ठिकाणी बोट दाखवतात.

वड अमर असल्याची समजूत उगाच आलेली नाही. पारंबी जमिनीला टेकते, मुळं धरते, जाड होते आणि स्वतःच खोड बनते. मूळ खोड गेलं तरी झाड जात नाही. वटपौर्णिमेच्या कथेत सत्यवानाचा प्राण परत येतो तो वडाखालीच. ही कथा ज्यांनी वडाशी बांधली, त्यांनी वड नीट पाहिलेला होता.

बोधगयेचा पिंपळही असाच. १८७६ मध्ये तिथला जुना वृक्ष वादळात पडला आणि १८८१ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी त्याच्याच वंशातलं रोप तिथे लावलं, असं सांगतात. त्याच्याही दोन हजारांहून अधिक वर्षं आधी, इ.स.पू. तिसऱ्या शतकात, बोधगयेच्या पिंपळाची फांदी श्रीलंकेत अनुराधपुरला पोचली होती. ती आजही तिथे वाढते आहे आणि माणसाने लावलेल्या, लागवडीची तारीख नोंदलेल्या झाडांत ती सगळ्यात जुनी मानली जाते. म्हणजे मूळ गेलं, फांदी राहिली, आणि मूळ जागी पुन्हा रोप आलं.

आळंदीला ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला एहरेशिया लीव्हिस म्हणतात, रानात तो दातरंग म्हणून ओळखला जातो. त्याची मुळी समाधीत माउलींच्या कंठाला लागली होती, ती एकनाथ महाराजांनी दूर केली, अशी कथा वारकरी सांगतात. त्याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठभेद काढून शुद्ध केलेली प्रत सिद्ध केली. ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या नावावर आहेत हे मला फार बोलकं वाटतं. वाडवडिलांकडून आलेलं जपायचं म्हणजे त्यात शिरलेलं नको ते काढायचं, हे त्यात आलंच. झाडाखाली बसून पारायण करणाऱ्यांपैकी कितीजण या बाजूने विचार करतात कुणास ठाऊक.

झाडाभोवतीचे अर्थ, आणि एक व्हॉट्सॲप

आपल्याकडे झाडांना वाटून दिलेले अर्थ साधारण सगळ्यांना माहीत असतात. वड सौभाग्याचा आणि दीर्घायुष्याचा, उंबर दत्ताचा, पिंपळ विष्णूचा, बेल शंकराचा. पण आदराच्या जोडीला भीतीही आहे आणि ती कमी महत्त्वाची नाही. पिंपळावर मुंजा असतो : मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. चिंचेवर हडळ. संध्याकाळनंतर तिकडे फिरकायचं नाही. या गोष्टींनी किती पोरं घाबरली याची गणती नाही, आणि त्यांनी किती झाडं वाचली याचीही नाही.

इथे थोडं थांबून एका लोकप्रिय संदेशाचं बघू. ‘पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो, म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याला पूज्य मानलं.’ हे खरं नाही. झाडातून प्राणवायू सुटतो तो प्रकाशसंश्लेषणात, आणि त्याला प्रकाश लागतो. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात, पण तेव्हाही प्राणवायू बाहेर पडत नाही. तो दिवसाच पडतो. रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो. पूर्वजांच्या शहाणपणाला असल्या कुबड्यांची गरज नाही. उलट त्यामुळे खरं शहाणपण झाकलं जातं.

खरं काय, तर वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक ही सगळी एकाच कुळातली झाडं. त्यांचं फळ म्हणजे आतून फुलांनी भरलेली कुपी, आणि त्या फुलांचं परागीभवन करणारं चिलट (खरं तर चिलटाएवढी बारीक गांधीलमाशी) प्रत्येक जातीचं बहुधा वेगळं. हे चिलट बाहेर पडल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगतं. तेवढ्यात त्याला त्याच जातीचं, योग्य अवस्थेतलं दुसरं झाड सापडलं पाहिजे. म्हणून एका जातीची सगळी झाडं एकदम फळत नाहीत. आज हे, पुढच्या महिन्यात ते. परिणामी रानात दुसरं काही पिकलेलं नसतं तेव्हाही कुठला तरी उंबर, कुठला तरी वड लगडलेला असतो. पक्षी, वटवाघळं, माकडं, खारी यांचे पडते दिवस याच झाडांवर निघतात. अशी झाडं तोडायची नाहीत हा नियम ज्यांनी केला त्यांना चिलटाचं शास्त्र माहीत नव्हतं. भर उन्हाळ्यात पाखरं कुठे जमतात हे मात्र त्यांनी पाहिलं होतं.

उंबराचंच घ्या. ‘उंबर तिथे पाणी’ हे गावोगाव ऐकू येतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय आहे. कोणतं झाड, कोणत्या बाजूला वारूळ, किती खाली पाणी, असे आडाखे त्यात दिलेत. उंबर मुळातच ओढ्याकाठी, ओलाव्याच्या जागी वाढणारं झाड, त्यामुळे उथळ पाण्याची खूण म्हणून तो बऱ्यापैकी भरवशाचा. पण पाचशे फूट खोल बोअर मारायची असेल तर उंबर काही सांगू शकत नाही, आणि हातात नारळ घेऊन फिरणारा पाणाडीही नाही. आडाखा ज्या काळातल्या, ज्या खोलीच्या विहिरींसाठी बनला त्या मर्यादेत तो ठीक आहे.

देवराई : कारण न सांगता पाळला जाणारा नियम

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. सह्याद्रीत आणि कोकणात गावाच्या कडेला देवाच्या नावाने राखलेला जंगलाचा तुकडा असतो. कुठे त्याला देवराई म्हणतात, रत्नागिरीकडे देवरहाटी, कुठे नुसती राई. देव म्हणजे काळकाई, वाघजाई, सोमजाई, वरदायिनी, जननी, भैरी. नियम थोडक्यात : इथलं काही न्यायचं नाही. काही ठिकाणी वाळलेली काटकीसुद्धा नाही. काही ठिकाणी पडलेलं लाकूड देवळापुरतं किंवा गावच्या कामाला चालतं. नियम मोडला तर देवीचा कोप, शिवाय गावाचा दंड.

१९७० च्या दशकात पुण्याचे डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून नोंदल्या आणि त्यावर लिहिलं. त्यांच्या कामातलं रायगड जिल्ह्यातल्या गाणी या गावाचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. श्रीवर्धन तालुक्यातल्या या गावची काळकाईची राई तोडली जाणार होती आणि गावकरी ती वाचवायला धडपडत होते. कारण विचारल्यावर त्यांनी नुसता देवीचा कोप पुढे केला नाही. आसपासच्या राया तुटल्यावर तिथले ओढे आटले, ते आम्ही पाहिलंय, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे नियमामागचं कारण या लोकांना ठाऊक होतं.

ओढा का टिकतो, ते सोपं आहे. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात बाया हंडे घेऊन मैलभर चालतात. उघड्या जांभ्यावर पडलेलं पाणी तासाभरात समुद्राची वाट धरतं. राईत मात्र थेंब आधी पानांवर फुटतो, मग खाली कुजलेल्या पाल्याच्या गादीत मुरतो, मग मुळांनी केलेल्या वाटांनी जमिनीत उतरतो आणि सावकाश झऱ्याने बाहेर येतो. बऱ्याच देवरायांत देवाच्या पायाशी झरा किंवा कुंड असतं, त्याचं नवल वाटायला नको.

मग ‘तोडलंत तर पाणी जाईल’ असं सरळ न सांगता ‘देवीचं आहे’ असं का सांगायचं? माझं मत असं की कारण सांगितलं की वाद घालता येतो. ‘एकच झाड तोडतो, एका झाडाने काय पाणी जातंय?’ हा युक्तिवाद प्रत्येकाच्या बाबतीत खरा असतो, आणि सगळ्यांनी केला की राई संपते. देवीशी असा वाद घालता येत नाही. चिन्ह असं कामाला येतं. एका पिढीने पाहिलेलं कारण ते पुढच्या पिढीला नियमाच्या रूपात देतं, आणि पुढच्या पिढीला स्वतः ठेच लागावी लागत नाही.

कोकणातल्या ‘कौल लावण्या’कडेही या नजरेने बघावं. झाड तोडायचं तर आधी मानकरी जमणार, गुरव देवाला गाऱ्हाणं घालणार, मग देवाच्या अंगाला पाकळ्या किंवा पानं लावून उजवी पडते की डावी हे पाहायचं. देव कौल देतो की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण या रीतीत निर्णय एकट्याने, गुपचूप, रातोरात घेता येत नाही. चारचौघांत यावं लागतं, थांबावं लागतं, कधी पुन्हा यावं लागतं. शेकडो वर्षांचं झाड पाडायला करवतीला तास पुरतो. त्या घाईच्या वाटेत ही रीत उभी राहते.

काही राया अशा आहेत की त्यांत देव उघड्यावर असतो. त्याला छप्पर खपत नाही, असं मानतात. या एका समजुतीने किती लाकूड वाचलं असेल!

जाणते कोण?

‘वडीलधाऱ्यांचं शहाणपण’ म्हटलं की पांढरे केस आणि पारावर बसलेले चार पुरुष डोळ्यांसमोर येतात. जुन्या झाडांची माहिती मात्र अनेकदा दुसरीकडे असते. कुठल्या ढोलीत सातेरी माश्यांचं मोहोळ आहे ते कातकऱ्याला माहीत. कुठली रानभाजी पहिल्या पावसात येते आणि कुठली एकदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, ते बाईमाणसाला माहीत. कुठल्या झाडाखाली जनावर बसत नाही ते गुराख्याला. वय वाढल्याने हे आपोआप येत नाही. आयुष्यभर रानाशी काम पडलेल्या माणसाला ते येतं, मग तो पन्नाशीचा का असेना.

आणि जाणत्यांचं सगळंच बरोबर असतं असंही नाही. अलिबागकडच्या एका देवराईत गारंबीचा मोठा वेल होता. गुरांच्या सर्पदंशावर त्याची साल न्यायला लांबलांबच्या गावांतून लोक येत, अशी नोंद गाडगीळ-वर्तकांनी केली आहे. त्या वेलाला दुसरीकडे कुठे थारा उरला नव्हता, म्हणून ही नोंद मोलाची. पण त्यावरून कुणी साप चावलेल्या माणसाला साल उगाळून देत बसू नये. सरकारी दवाखान्यात प्रतिविष मिळतं, तिथेच न्यावं. तसंच काही देवरायांत बायकांना जाता येत नाही, कुठे ठरावीक दिवसांत नाही, कुठे मुळीच नाही. झाड वाचवायला या नियमाची गरज नाही. एकनाथांनी मुळी बाजूला सारली तसं हेही सारता येतं.

पुजलं जाणारं आणि तरी मरणारं झाड

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मुंबई-पुण्याच्या बाजारात जा. वडाच्या फांद्यांचे भारेच्या भारे विकायला आलेले असतात. पूजा झाडाची, पण झाडापर्यंत जायला वेळ नाही, म्हणून झाडाचे तुकडे घरी येतात, कुंडीत खोचले जातात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. खूण राहिली, नियम गेला. दसऱ्याला आपट्याचीही हीच तऱ्हा, आणि तिथे आपटा ओळखता न आल्याने कांचनही ओरबाडला जातो.

देवरायांवरचं मोठं संकट म्हणजे जीर्णोद्धार. नास्तिकांनी राई तोडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. भक्तांनी तोडल्याचं पुष्कळ ऐकू येतं. मुंबईला गेलेली मंडळी वर्गणी काढतात, कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं मोठं देऊळ उभं राहतं, गाड्यांना रस्ता लागतो, वळवायला जागा लागते, सभामंडप लागतो, खर्च भागवायला दोन-चार मोठी झाडं विकली जातात. देवीचा थाट वाढतो आणि जिच्यापायी ती देवी तिथे होती ती राई उंबरठ्यापर्यंत मागे सरते. भक्ती खोटी नसते. कारण सांगणारी माणसं मात्र तोवर गेलेली असतात.

पाराचंही तसंच. जुने पार दगड-मातीचे, कोरडे रचलेले. फटींतून पाणी आणि हवा जायची. आता बुंध्याला भिडवून काँक्रीट ओततात, वर फरशी आणि देणगीदाराच्या नावाची पाटी. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या मीटरभर थरात असतात आणि फांद्यांच्या पसाऱ्याच्याही पलीकडे गेलेली असतात. त्यांनाही श्वास लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढून टाकायला सांगितलं होतं ते यासाठीच. मीटरभर ही अगदी किमान सवलत. बुंधा शाबूत ठेवून आजूबाजूची जमीन खणली, भराव टाकला, तर मोठं झाड चार-दोन पावसाळ्यांत आधार गमावू शकतं. झाड वाचवलं म्हणायचं तर त्याच्या सावलीखालची जमीनही वाचवावी लागते.

कायद्याने काय होतं?

राज्य सरकारने २०२१ मध्ये शहरांपुरत्या असलेल्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यात बदल केला. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज ट्री’ ठरलं आणि ते तोडायची वेळ आलीच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, असा नियम आला. हेतू चांगला आहे. पण पुन्हा आपण सुरुवातीच्या अडचणीशी येतो : वय ठरवायचं कुणी? घेरावरून काढलेल्या अंदाजात दहा-वीस वर्षांचा फरक सहज पडतो, आणि ४८ ठरलं की हेरिटेज झाडाचं संरक्षण गेलं. शिवाय साठ रोपं म्हणजे साठ वर्षांचं एक झाड नव्हे, हे धनेशाच्या ढोलीवरून आपण पाहिलंच. खेड्यातल्या जुन्या वडाला तर हा कायदा लागूच होत नाही.

तिथे उपयोगी पडू शकते ती लोकजैवविविधता नोंदवही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावातली झाडं, प्राणी, त्यांचे उपयोग, त्यांच्याशी जोडलेल्या रीती यांची नोंद तिने गावातल्या जाणत्या माणसांना विचारून करायला हवी. अनेक ठिकाणी या नोंदवह्या मुदत गाठायच्या घाईत, कुठल्या तरी यादीवरून उतरवून भरल्या गेल्या. तुमच्या गावची एकदा मागून बघा. ‘वड, पिंपळ, आंबा’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते पान अजून भरायचं आहे. गुरव, गुराखी, रानात जाणाऱ्या दोन बाया आणि लिहिता येणारं एक पोर यांना घेऊन झाडाखाली जा. जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर दोरी गुंडाळून घेर लिहा. मग विचारा : हे कधी फळतं, गेल्या पाच वर्षांत वेळ बदलली का, ढोलीत कोण राहतं, बुंध्याशी माती कधी आणि कुणी टाकली, इथलं लाकूड शेवटचं कधी आणि कशाला काढलं, तेव्हा नको म्हणणारा कुणी होता का, आणि त्याने काय कारण दिलं होतं.